भिंतीवरचा पासवर्ड

डोंगरकडा गावात माझ्या मित्राची रक्त तपासायची लॅब आहे. तिथला कॉम्प्युटर मी सांभाळतो. एकाच मशीनमध्ये मी दोन कंटेनर करून दिलेत. घर एक, आत दोन खोल्या, प्रत्येकीला वेगळं कुलूप. एका खोलीत जुने रिपोर्ट. तिचा रूट पासवर्ड, म्हणजे सगळे अधिकार देणारी किल्ली, मीच सांगितला होता आणि मित्रानं तो भिंतीवर लिहून ठेवला होता, गॅसवाल्याच्या नंबराखाली. मी तेव्हा चिडलो होतो. "भिंतीवरचं हरवत न्हाई," तो म्हणाला.

दिवाळीआधी त्यानं पेंटरकडून भिंतीला रंग देऊन घेतला.

पुढे एका सकाळी लाइट जाऊन आली आणि रिपोर्टचा प्रोग्राम चालूच होईना. तो चालू करायला रूट पाहिजे. मी हिंगोलीहून पोचलो तेव्हा बाकावर एक मेंढपाळ आणि त्याची बायको बसली होती. नांदेडच्या डॉक्टरनं तिचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट मागितला होता. आज तिथं पुन्हा रक्त द्यायचं होतं, उपाशीपोटी, आणि बाराच्या आत. भाकरी फडक्यात बांधून तिच्या मांडीवर होती.

मी कंटेनरच्या लॉगिनवर पासवर्ड टाकत बसलो. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, शेवटी आकडा. सगळे चूक. मित्र विळीनं भिंत खरवडायला लागला. खालून निघाला तो गॅसवाल्याचा नंबर; त्याखालची ओळ रंगासोबतच खरवडून गेली.

"काहून इतका वेळ लागून राहिला?" मेंढपाळानं विचारलं.

"थांबा हो जरा!" मी खेकसलो. त्याची काय चूक होती? साडेदहा वाजून गेले होते. मित्रावर, पेंटरवर, विजेवर, सगळ्यांवर माझा संताप संताप झाला होता.

अकराच्या पुढे कधीतरी माझे हात थांबले. मी खोलीच्या दारावर धडका मारत होतो आणि स्वतः घरातच उभा होतो. मुख्य मशीनचा पासवर्ड मला तोंडपाठ. तिथून एका कमांडनं थेट कंटेनरच्या आत रूट म्हणून जाता येतं, जुना पासवर्ड कोणी विचारत नाही. गेलो. नवा पासवर्ड दिला, प्रोग्राम चालू केला, रिपोर्ट छापला. दोन मिनिटं लागली. ही गोष्ट मी दुसऱ्यांना शिकवतो.

कागद मेंढपाळाच्या हातात दिला. त्यानं घड्याळाकडं पाहिलं.

"आता बारापर्यंत नांदेड होत न्हाई. उद्या जाऊ," तो बायकोला म्हणाला. "मेंढरं कोणाकडं सोडायची ते पाहावं लागंल."

स्वतःची इतकी चीड मला क्वचितच आली असेल.

बाईनं फडकं सोडलं. आता उपाशी राहायचं कारण उरलं नव्हतं. तिनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली.

"घ्या. तुमी बी सकाळपासून उपाशीच दिसता."