दोरीवरच्या माणसाचा विमा

"पडलास तर गाड्यांवर पडू नकोस. त्यांचा विमा आहे. तुझा नाही."

सोसायटीचे सेक्रेटरी साहेब हसत बोलले. शुद्ध मराठीत. बाजूचे कमिटीवालेही हसले.

मी एवढंच विचारलं होतं, "कॉन्ट्रॅक्टरनं दिलेल्या विम्यात आमची नावं आहेत का?"

चिक्कडपल्लीतली उंच बिल्डिंग. मी आणि यादगिरी बाहेरून दोरीला लटकून रंग मारायचो. मी याच शहरात, गौलीगुड्यात वाढलो, आईबाप सीमेपलीकडून, देगलूरकडून मजुरीला आलेले. साहेब पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. त्यांची मराठी ऐकून वाटलं, आपलं माणूस भेटलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. तेव्हापासून पाणी ओंजळीत, वरून. लिफ्ट आम्हाला बंद. मी जिन्यानं चढायचो. सवयच तशी.

पण त्या दिवशी वारा सुटला होता. गच्चीवर दोर बांधायचा पाइप हातानं डुगडुगत होता. बुडातलं सिमेंट भुगा होऊन गळत होतं. यादगिरीला "थांब" सांगून मी खाली आलो होतो.

साहेब म्हणाले, "आम्ही कॉन्ट्रॅक्टरकडं विम्याचं प्रूफ मागितलं, त्यांनी दिलं. गाड्या, काचा कव्हर आहेत. लेबरचं आम्ही बघत नाही."

कॉन्ट्रॅक्टर बाजूला फोनवर होता. मी वर पाहिलं. यादगिरीचे पाय कठड्याबाहेर लोंबत होते. फोन त्यालाच होता, उतर म्हणून.

मी लिफ्टकडे पळालो. आतली बाई नाक धरून बाहेर पडली. मी बटण दाबलं.

गच्चीवर पोचताच ओरडलो, "यादगिरी, ऊपर आ! नक्को उतर!"

कठड्यावरून वाकून त्याचा पट्टा धरला. ओढून आत घेतला. दोघेही गच्चीवर आडवे पडलो. मागे पाइप कलला होता.

खाली कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "अब शहर में कहीं काम नै मिलता तेरे कू."

नाहीच मिळालं. दुसऱ्या सकाळी त्यानं ओडिशाची दोन पोरं आणली. पाइप तोच. मी गेटवर त्यांना सगळं सांगितलं. वॉचमननं कॉलर धरून मला रस्त्यावर ढकललं. पोरं खाली मान घालून आत गेली.

मी उठलो. परत गेटवर उभा राहिलो.

आता शहरात जिथं दोर लोंबताना दिसतो, तिथं मी जातो. वरच्या माणसाला खाली बोलावतो. मालकाला विचारतो, याचं नाव विम्यात कुठंय, दाखव. शिव्या देतात. पोलीस बोलावतात. बोलवू देत. नाव दिसेपर्यंत मी माणसाला वर चढू देणार नाही.