बिनविरोध

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकेल, माफी असावी. चौथीच शिकले. पण बीडला जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेली ती बाई लिहून ठेवायचीच आहे.

तिनं सरपंचपदाचा अर्ज भरला होता. निवडणूक बिनविरोध करायची म्हणून दीर तिला केजच्या तहसिलीत अर्ज काढून घ्यायला नेत होता. मुदत त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंतच होती. समजूत पटावी म्हणून त्यानंच दिलेलं, चीनमधलं लढाईचं जुनं पुस्तक तिच्या मांडीवर होतं. ओळीखाली बोट फिरवत ती सावकाश वाचत होती.

"वाचलं का, वैनी? न लढता जिंकतो तोच शाणा," पुढच्या सीटवरून दीर म्हणाला.

"वाचलं. लई चांगलं हाय. पण न लढता तुमी जिंकणार, अन् हरणार कोण, भावजी? हरणाऱ्याला इचारून हे लिवलेलं न्हाई."

केज आलं तेव्हा दोन वाजून गेले होते. दीर उठला. ती खिडकीशी बसूनच राहिली.

"मावशी, वैनीला वाट द्या," तो मला म्हणाला.

परक्या पुरुषाला मी कधी उलट बोलले नाही. तेव्हाही बोलले नाही. पाय मात्र बाजूला घेतले नाहीत.

तिनं कंडक्टरला हाक मारली, "मला बीडचं तिकीट द्या."