यादीतली शेवटची ओळ

रुग्णालयातले डॉक्टर त्यांना टकटककाका म्हणतात. डॉक्टरांनी तपासणीचे निष्कर्ष बोलून पाठवायचे आणि काकांनी घरी बसून ते टाइप करून द्यायचे, असं गेली एकोणीस वर्षं चाललंय. काकांना जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर काय आहे ते संगणकातला बाईचा आवाज त्यांना वाचून दाखवतो, तोही इतका भरभर की नवख्याला मिक्सर चालू आहे असं वाटावं. बायको त्या आवाजाला 'माझी सवत' म्हणते. "उठल्या उठल्या आधी तिला जागं करतात," असं गाऱ्हाणं ती आल्यागेल्यापुढे हसत हसत मांडते.

काकांचा हट्ट एकच. आपलं यंत्र आपण सुरू करायचं, त्यासाठी कुणाला हाक मारायची नाही. चहाचा कप कुणी हातात दिला तर चालतं, पण संगणकाचं बटण दुसऱ्याने दाबून दिलेलं खपत नाही.

म्हणूनच लेकीने विषय काढला तेव्हा त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. तिच्या अभ्यासक्रमाला दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम लागत होती आणि घरात संगणक एकच.

"तुमची विंडोज कुठे जात नाही, बाबा. हार्ड डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी आहे. तुमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तुमचा हिस्सा, थोडं आखूड करायचं, उरलेल्या जागेत माझी लिनक्स. सुरू करताना मेनू येतो, हवी ती निवडायची."

"म्हणजे भिंत सरकवून भाडेकरू ठेवायचा."

"भाडेकरू काय! पोटची पोरगी आहे मी."

"तेच तर. भाडेकरूला निदान काढता येतं."

रविवारी दुपारी काम काढलं. आधी काकांच्या सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. काकांनी त्यातल्या चार स्वतः उघडून ऐकल्या, मगच "हं" म्हणाले. पण तीनशे जीबी मोकळी असूनही विंडोज जेमतेम वीस सोडायला तयार होती.

"कसली तरी फाइल मधोमध ठाण मांडून बसलीय. हलवताच येत नाही," लेक वैतागली.

"असा एक पाहुणा प्रत्येक घरात येतो," काका म्हणाले. "वाटेत खुर्ची टाकून बसतो आणि झाडायला आलं तरी पाय उचलत नाही."

लेकीने हायबरनेशन, म्हणजे यंत्र आहे त्या स्थितीत झोपवायची सोय, बंद केलं, विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेली एक मोठी फाइल तात्पुरती काढली, यंत्र पुन्हा सुरू केलं. पाहुणा उठला. पार्टिशन हवं तेवढं आखडलं आणि तासाभरात लिनक्सही बसली. तिने दोन्ही एकदा उघडून पाहिल्या. विंडोजमधला ओळखीचा आवाज आला तेव्हा काका खुर्चीत मागे रेलले.

सोमवारी लेक सातलाच कॉलेजला गेली, पाठोपाठ बायको औषधांच्या दुकानात कामावर. अकराच्या आत नऊ अहवाल पाठवायचे होते. त्यातल्या एका पेशंटला बाराला शस्त्रक्रियेसाठी आत घेणार होते आणि अहवालाशिवाय भूलतज्ज्ञ पुढे जाणार नव्हते.

काकांनी बटण दाबलं. यंत्राचा पंखा फिरला. आणि पुढे काहीच नाही.

त्यांनी स्पीकरची वायर चाचपली. आवाज सुरू करायची बटणं दाबून पाहिली. बंद केलं, पुन्हा लावलं. तीच शांतता. फायली दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होत्या, पण त्या वाचून दाखवणारं कोण? शेजारच्यांना बोलवावं म्हणून हात दाराच्या कडीपर्यंत गेला आणि मागे आला. सव्वानऊला त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, प्रॅक्टिकल चालू आहे, पटकन बोला."

"तुझ्या भाडेकरूने घर बळकावलं. यंत्र मुकं झालंय."

 "अरे देवा. बाबा, मेनू बोलत नाही! काल मी बघून निवडत होते, माझ्या डोक्यातच आलं नाही. काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी पहिली ओळ आपोआप उघडते, आणि पहिली ओळ माझी आहे. तिथे मी आवाज चालूच केलेला नाही."

"म्हणजे माझं सगळं शाबूत आहे?"

"जसंच्या तसं. आता बटण दाबून धरा, बंद होऊ दे. परत लावा, पाचपर्यंत मोजा आणि खालचा बाण दहा वेळा दाबा."

"दहा ओळी आहेत?"

"चारच. पण शेवटची तुमची. तिच्या खाली बाण जातच नाही, कितीही दाबा. मग एंटर."

काकांनी मोजलं, बाण दाबला, एंटर मारलं. फोन कानाला तसाच, मोजणं चालूच. वीस झाले, तीस झाले. छत्तिसाव्या अंकाला ती मिक्सरसारखी बडबड खोलीभर सुटली.

"बोलली गं, बोलली!" काका ओरडले आणि एकटेच हसायला लागले.

"ऐकलं मी! ठेवते, सर बघतायत."

नववा अहवाल गेला तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती.

संध्याकाळी लेक आली ती खांद्यावरची बॅगही न उतरवता संगणकापुढे बसली. "चुकलंच माझं. डोळस माणसापुरतंच ठेवलं मी ते," असं पुटपुटत तिने विंडोजची ओळ सगळ्यात वर आणली, आपोआप उघडेल ती तीच केली आणि मेनू येताच यंत्र वाजेल अशी सोय केली.

"वाजल्यावर काही करू नका, तुमचं उघडेल. खालचा बाण एकदा आणि एंटर केलं तर माझं."

"ऊठ, मला लावू दे."

काकांनी बटण दाबलं. 'टूं' असा बारीक आवाज आला, थोड्या वेळाने बाईंचा. त्यांनी बंद करून पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

"बाबा, मला असाइनमेंट द्यायचीय."

"थांब गं, अजून एकदा."