भुंग्याची पट्टी

चांगुआत्या मांडवात आली की आधी माझ्या स्पीकरला कान लावायची. नवरी पाटावर बसलेली, बायका हळदीची ताटं घेऊन खोळंबलेल्या, आणि ही साठी उलटलेली बाई वाकून स्पीकरशी. मग सगळ्यांसमोर मोठ्याने, "बाला, तुझा भुंगा अजून जित्ता हाय रं!" बायका हसायच्या. माझं डोकं तापायचं.

आत्या आमच्या उरणकडची धवलारीण. आमच्यात धवलारणीने धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती गायची ते कुणाच्याही साथीवाचून. मी बेंजो पार्टीचा मालक, शिवाय गिटार माझ्याच गळ्यात. मिठागरावर टोपल्या वाहून पहिली गिटार घेतली आहे. मला चारचौघांत कुणी काही सुनावलेलं खपत नाही.

भुंगा मात्र खरा होता. गिटारचा आवाज बदलायला पायाने दाबायची तीन पेडलं मी एकाच साध्या ॲडॉप्टरवर चालवत होतो. दुकानदार सांगून दमला होता, "दादा, पेडलला रेग्युलेटेड घ्या. याचा व्होल्टेज एका जागी राहत नाही." मला वाटलं, महागडा माल गळ्यात मारतोय. तासभर घासाघीस करून मी साधाच घेतला, वर एक वायर फुकट उपटली. नऊ व्होल्ट छापलेलं होतं, मला तेवढं पुरे. वाजवणं थांबलं की स्पीकरमधून बारीक हूंऽऽ यायचं. ते कुणाला ऐकू जात नसे. आत्याला जायचं.

"सगळं गाव नाचतंय आत्या, तुलाच एकटीला त्रास?"

"तरास कोन बोलला? भुंगा हाय तं हाय बोलले."

एकदा एका दोस्ताने दोन पेडलं मागून नेली. उरलेलं एकच मी त्या ॲडॉप्टरला जोडलं. ओझं कमी झालं की असल्या ॲडॉप्टरचा व्होल्टेज वर चढतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हळद सरपंचाच्या मुलीची. पुढच्या हंगामाच्या सुपाऱ्या ज्यांच्या हातात, ती सगळी माणसं समोर खुर्च्यांवर. दुसऱ्याच गाण्याला पेडलमधून जळका वास आला आणि गिटार मुकी झाली. बेंजो अडखळला, ताशे थांबले.

"काय रं, सेल संपले का?" कुणीतरी ओरडलं. मांडव हसला. मी बाह्या सरसावून त्याच्याकडे निघालो. मारामारी झाली असती, तर त्या पट्ट्यात मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

तेवढ्यात आत्याने धवला उचलला. मांडव गप्प. माझ्याकडे न बघताच तिने हाताने खूण केली, वाजव. मी जळकं पेडल काढून गिटार सरळ ॲम्पला लावली आणि तिचा सूर शोधायला लागलो. कुठल्याच पडद्यावर तो मिळेना. दोन पडद्यांच्या मधेच कुठेतरी होता. तारा जराशा चढवल्या, सूर जुळला, आणि मी तो ओळखला. तो भुंग्याचा सूर होता. ॲडॉप्टर मी उपटून टाकला होता, पण तिच्या गळ्यात तो तसाच होता. हंगामभर बाई स्पीकरला कान लावून पट्टी घेत होती.

बेंजो मागोमाग आला. हळद पार पडली, सुपाऱ्याही टिकल्या.

"आधी सांगितलं का नाहीस?" मी नंतर तिला गाठलं.

"सांगला असता तं तू त्याचापन भाव केला असतास."

दुसऱ्या दिवशी मी रेग्युलेटेड सप्लाय आणला, दुकानदाराने सांगितला त्या भावाने. पुढच्या हळदीला आत्या नेहमीसारखी वाकली, बराच वेळ कान लावून राहिली.

"गेला?"

"गेला."

"बरा जाला. तुझी यंत्रा वाचली." पण त्या दिवशी तिला सुरुवात करायला वेळ लागला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी गिटारची एक तार छेडली, तीच पट्टी. तिने मान हलवली आणि गायला लागली.

गेल्या पावसात आत्या गेली. माझा राग गेलेला नाही. इतकी लग्नं तिने बायकांत माझं हसं केलं आणि तो सूर तिला आवडतो, हे एकदाही तोंडाने कबूल केलं नाही.

आमचा कीबोर्डवाला दर लग्नात कुरकुर करतो, "शेठ, सगळ्यांसारखी पट्टी घ्या ना. दर वेळी मला कीबोर्ड चढवावा लागतो." बाकी कशाचीही घासाघीस मी तासभर करेन.

"चढव," मी म्हणतो.