मिश्र पिठाच्या दोन पिशव्या

"मॅडम, तुमचं ते सीरियल खाल्लं आणि हिला उभं राहता येत न्हाय."

शेलार गावच्या पाटीलकाकांचा फोन होता. सकाळचे पावणेनऊ वाजले होते. मी ओपीडीत येऊन नुकती पर्स ठेवली होती.

"नक्की काय होतंय, काका?"

"जीभ जड झालीय. हात थरथरतात. दोनदा उलटी झाली. मलापण गरगरतंय, पण मी दोनच चमचे खाल्ले."

मी त्यांना रिक्षा करून सरळ हॉस्पिटलला यायला सांगितलं. स्कूटरला हात लावू नका, आणि उरलेलं सीरियल डब्यासकट आणा.

मी डाएटिशियन आहे. धामणकर नाक्याजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात सतरा वर्षं पेशंटना काय खावं ते सांगते. आमच्याकडे डायबिटीसचे पेशंट खूप. त्यांचा नाश्ता म्हणजे चहा आणि खारी, नाहीतर टीव्हीवर बघून आणलेलं पाकिटातलं सीरियल. त्यात साखर किती असते ते सांगून मी थकले. मग घरीच सीरियल करायला शिकवायचं ठरवलं. महिन्यातून एका शनिवारी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायचे.

कृती सोपी आहे. भरडधान्याचं पीठ, म्हणजे नाचणी, ज्वारी, बाजरी असं काहीही, मंद आचेवर खमंग भाजायचं. त्यात चमचाभर तेल, चिमूटभर मीठ, दालचिनी आणि थोडं गुळाचं पाणी घालून घट्ट मळायचं. पोळीसारखं पातळ लाटून ओव्हनमध्ये, किंवा जाड तव्यावर अगदी बारीक आचेवर कडक करायचं. गार झालं की हाताने चुरायचं. वाटीभर दुधात मूठभर. बायकांना आवडलं. बावीसजणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्या ग्रुपवर मी कृतीचा कागद टाकला होता, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, खाली माझी सही.

पाटीलकाकू आल्या त्या काकांच्या खांद्यावर पूर्ण भार टाकून. एकसष्ट वर्षांची, कधी कुणावर रेलून न चालणारी बाई. मला बघून त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला. शब्द बाहेर आले ते घरंगळत.

आमच्या आरएमओंनी, म्हणजे वॉर्डात कायम ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरांनी, आधी शुगर तपासली. ठीक होती. बोलणं अडखळतंय म्हटल्यावर त्यांना स्ट्रोकची शंका आली. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की असं होतं. मग त्यांनी भिंतीला धरून उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं.

"तुम्हालाही चक्कर येतेय?"

"हो ना."

"स्ट्रोक नवरा-बायकोला एकाच सकाळी येत नाही," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लंत?"

काकांनी डबा पुढे केला. माझ्याकडे बघत केला. डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागले, सिस्टरही.

डब्यात तपकिरी कुरकुरीत तुकडे होते. छान जमले होते. वास गुळाचा आणि दालचिनीचा, बाकी कशाचाच नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, की पीठ भाजून घेतलंय, वर कडक केलंय, जंतू राहायला नकोत. ते म्हणाले, "जंतू मरतात, मॅडम. बुरशीचं विष असेल तर ते भाजून मरेलच असं नाही." हे मी कॉलेजात शिकले होते. त्या क्षणी मात्र पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

काकूंना सलाइन लावलं. मी काकांना विचारलं, पीठ कुठलं. "मिश्र हाय. घरचं धान्य होतं, हिनेच चक्कीवर दळून आणलं." कुठलं कुठलं धान्य, ते त्यांना माहीत नव्हतं. काकू सांगायच्या स्थितीत नव्हत्या. त्यांचे डोळे मिटत होते आणि सिस्टर दर दोन मिनिटांनी त्यांना हाक मारून जागं करत होती.

तेवढ्यात अ‍ॅडमिन सरांनी केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलचा कारभार ते बघतात.

"मॅडम, कागद आपल्या लेटरहेडवर आहे?"

"हो सर. मला ग्रुपवर सांगायला हवं. बावीस घरांत ही कृती गेलीय."

"काही टाकू नका. आधी सॅम्पल लॅबला जाऊ दे. रिपोर्ट येऊ दे. आत्ता लिहून दिलंत तर ते कबुलीजबाब होईल."

"रिपोर्टला किती दिवस लागतील?"

"लागतील आठ-दहा दिवस."

मी बरं म्हणून बाहेर आले. हे मला लपवायचं नाही. मी बरं म्हटलं, कारण मी घाबरले होते. नोकरीसाठी घाबरले होते, आणि आपल्या हातून माणूस मरतंय की काय याला त्याहून जास्त. पण गप्प राहिले.

गप्प बसवेना म्हणून रिक्षा केली आणि शेलारला चक्कीवर गेले. चक्की चालवणारे यादवभाई उत्तर प्रदेशातले. तीस वर्षांपूर्वी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, कान बधिर व्हायला लागले तेव्हा लूम सोडून चक्की टाकली. मी पाटीलकाकूंचं नाव घेतल्यावर त्यांनी चक्की बंद केली.

"क्या हुआ चाची को?"

मी सांगितलं.

"दीदी, उसमें ज्वारी थी, नाचनी थी और कोदो था. कोदो भीगा हुआ, काला पड़ा हुआ. मैंने चाची को बोला था, ये मत पिसवाओ, ये चढ़ता है. हमारे गाँव में ऐसा कोदो खाके पूरा घर पड़ा रहता था, जैसे दारू पी हो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"बोलीं, हॉस्पिटल के कागज पे लिखा है, चलेगा."

कोदो म्हणजे आपला कोद्रा. चांगला वाळलेला, टरफल काढलेला कोद्रा खायला काही हरकत नसते. पण कापणीच्या वेळी पावसात सापडला, ओला राहिला, की त्यावर एक बुरशी धरते आणि तिचं विष डोक्यात चढतं. काकूंच्या माहेराहून, शहापूरकडून, दिवाळीनंतर पिशवीभर कोद्रा आला होता. त्या वर्षी कापणीत तिकडे पाऊस होता.

मी मोबाइलवर माझाच कागद उघडला. "नाचणी, ज्वारी, बाजरी, वरई, कोद्रा, कोणतंही भरडधान्य चालेल." कोद्रा मी आयुष्यात कधी शिजवलेला नव्हता. एका ट्रेनिंगमध्ये मिळालेल्या यादीतून नाव उचललं होतं. यादी भरगच्च दिसावी, एवढंच कारण.

"और दीदी," यादवभाई म्हणाले, "चाची दो थैली ले गई थीं. एक अपनी, एक ननद की. वो मानकोली में रहती है ना."

मंगल भोईर. काकूंबरोबर प्रत्येक वर्गाला यायच्या. त्यांची सून प्राजक्ता सात महिन्यांची गरोदर. पंधरा दिवसांपूर्वी मंगलताईंनी मला विचारलं होतं, सुनेचं रक्त कमी आहे, सकाळी काय देऊ. मी म्हटलं होतं, घरचं सीरियल द्या.

फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. परत लावला. सूनबाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. तिसऱ्यांदा लावला, तरी कोणी उचलला नाही.

मग चक्कीच्या पायरीवर बसून मी ग्रुपवर लिहिलं: "मी दिलेल्या कृतीत चूक आहे. कोद्रा वापरलेलं सीरियल किंवा पीठ कोणीही खाऊ नका. कोणाला चक्कर, उलटी, थरथर होत असेल तर लगेच हॉस्पिटलला या. चूक माझी आहे." शेवटचं वाक्य पुसलं. परत लिहिलं. पाठवलं.

मानकोलीला जायला त्याच रिक्षात बसले. शहरातल्या गर्दीत जागोजागी थांबत गेलो, आणि पुढे गोडाऊनकडे वळणारे कंटेनर एकामागे एक उभे. रिक्षावाला म्हणाला, "आधा घंटा लगेगा." मी फोन लावत राहिले. मला सारखं दिसत होतं, की ती मुलगी एकटी बाथरूममध्ये पडलीय. शेवटी रिक्षा सोडली आणि साडी वर खोचून ट्रेलरच्या कडेने चालत गेले.

मंगलताई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"अगं बाई, मॅडम तुम्ही? फोन आत चार्जिंगला हाय. काय झालं?"

"प्राजक्ता कुठंय?"

"झोपलीय. आज लई झोप येते म्हणाली. उठवायचं न्हाय म्हणून मी बाहेर बसले."

चपला काढता काढता पुढचा प्रश्न विचारला.

"सीरियल खाल्लं तिने?"

"खाल्लं की. अर्धी वाटी. मग नको म्हणाली."

आत गेले. ती कुशीवर झोपली होती. दोन हाका मारल्या, हलवलं. तिने डोळे उघडले, मला ओळखलं नाही. मग ओळखलं. "गरगरतंय," म्हणाली, आणि उठून बसताना तिचा हात पलंगाच्या कडेऐवजी हवेत गेला.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिला आणलं. वाटेत मंगलताईंनी एकदाच विचारलं, "बाळाला काय होईल?" मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

लेबर रूममध्ये डॉक्टरबाईंनी पोटावर डॉप्लर लावला. बाळाचे ठोके ऐकवणारं ते छोटं यंत्र. आधी नुसती खरखर आली. त्यांनी जागा बदलली. खरखर. परत बदलली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि त्या खरखरीत ठोके शोधत होते. तिसऱ्या जागेवर ते सापडले. घोडा धावावा तसे, भरभर, एकसारखे. डॉक्टरबाईंनी आकडा सांगितला आणि म्हणाल्या, "नॉर्मल." मंगलताई खाली फरशीवर बसल्या.

दुपारपर्यंत ग्रुपवर, काकू आणि मंगलताई सोडून, बारा जणींची उत्तरं आली. दोघींकडे कोद्रा होता, त्यातल्या एकीने तो नातवाला द्यायला ठेवला होता. तिघी ग्रुपमधून काही न बोलता निघून गेल्या. उरलेल्या पाचजणींना मी एकेक करून फोन केला.

प्राजक्ताला दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं. काकू दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ बोलायला लागल्या. पहिलं वाक्य होतं, "मॅडम, यादव बोलला होता हो मला. मीच ऐकलं न्हाय." मी म्हटलं, तुम्ही कागदाचं ऐकलंत, आणि कागद माझा होता.

लॅबचा रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. कोद्र्यात बुरशी होती. अ‍ॅडमिन सरांनी मला लेखी मेमो दिला: सूचना न पाळल्याबद्दल. वर्ग तीन महिने बंद राहिले. मेमो चुकीचा नव्हता, सूचना मी पाळली नव्हतीच.

माघात प्राजक्ताला मुलगी झाली, पावणेतीन किलोची. मंगलताईंनी पेढे पाठवले. स्वतः आल्या नाहीत. अजून येत नाहीत.

वर्ग परत सुरू झालेत. आता कागदावर तीनच धान्यं आहेत, आणि तिन्ही मी माझ्या घरी वर्षभर खाल्लेली. खाली एक ओळ आहे: ओलं, काळं पडलेलं, वास येणारं धान्य दळू नका, आणि चक्कीवाला नको म्हणाला तर त्याचं ऐका.

नव्याने नोकरीला लागलेल्या डाएटिशियन मुली कधीकधी मला विचारतात, की आपली चूक झाली असं वाटलं तर आधी काय करायचं. मी सांगते, ज्यांच्या ताटात ती चूक गेलीय त्यांना आधी फोन करायचा. साहेबांना नंतर सांगितलं तरी चालतं, ते संध्याकाळपर्यंत केबिनमध्येच असतात.