तोटीकाकांची कोरडी लाइन

"माझ्या घरात दुसऱ्याचा पाना लागणार नाही!"

होम थिएटर बसवायला आलेल्या माणसाला तोटीकाकांनी हे दारातच ऐकवलं, मग आत बोलावून चहा पाजला आणि चहा संपल्यावर परत पाठवून दिलं. त्या बिचाऱ्याच्या पिशवीत पाना नव्हताच, एक स्क्रूड्रायव्हर होता, हे काकूंनी नंतर लक्षात आणून दिलं.

"तेच ते," काका म्हणाले. "आयुष्यभर लोकांच्या भिंती मी फोडल्या. माझ्या भिंतीला हात लावायचा तर मीच लावणार."

काका म्हणजे आसपासच्या चार गल्ल्यांचे प्लंबर. खरं नाव रेशनकार्डावर असेल, पण हाक मारताना सगळ्यांच्या तोंडी तोटीकाकाच. अंगाने काटकुळे आणि कानाने तिखट. भिंतीत पाइप कुठे गळतोय हे शोधायला ते लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर भिंतीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. घरातली माणसं तोवर श्वास रोखून उभी. मग काका बोट ठेवणार, "इथे." लेक लहान असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर कामावर जायची. तीही कान लावायची. ती मोठी झाली आणि सिनेमासाठी आवाज गोळा करायचं शिकायला गेली. दार करकरलं, कुणी जिना चढलं, बादली भरली, ते सगळं ही टिपून आणणार आणि पडद्यावरच्या चित्राला लावणार. कुणी विचारलं, लेक काय करते हो, की काका सांगायचे, "आवाज करते."

ती हे शिकायला निघाली तेव्हा काका एक वाक्य बोलून बसले होते. "आवाज काय, कुणीही ऐकतो." ते वाक्य काकांना अजून टोचत होतं.

आणि आता तिने काम केलेला पहिला सिनेमा आला होता. टीव्हीवर इंटरनेटवरून कधीही लावता येत होता, पण लेकीची सक्त ताकीद होती, "मोबाइलवर बघायचा नाही. माझ्याशिवाय तर अजिबातच नाही." त्यासाठीच तिने खोकी पाठवली होती: भिंतभर टीव्ही, पाच स्पीकर, टीव्हीला लावायची काळी डबी. आज संध्याकाळी ती येणार होती आणि उद्या सकाळी पुढच्या कामाला जाणार होती. मधली ही एकच संध्याकाळ.

बसवण्याचं काम काकांनी झोकात केलं. टीव्ही पाणसळ लावून टांगला. पाच स्पीकर पाच बाजूंना असे बसवले की काकूंना सोफ्यावर बसल्यावर आपली मिरवणूक निघाल्यासारखं वाटलं. काळी डबी लावली, बटण दाबलं, चित्र आलं, आवाज आला, काकांनी मिशीवर ताव दिला. आणि चित्र थांबलं. पडद्याच्या मधोमध एक गोल चक्र फिरू लागलं.

"हे काय दळतंय?" काकूंनी विचारलं.

"प्रेशर कमी आहे," काका म्हणाले.

त्यांच्या लेखी निदान झालं होतं. इंटरनेटची वायर आतल्या खोलीच्या खिडकीतून येते, तिथे दोन शिंगांचा पांढरा राउटर. म्हणजे ती टाकी. हॉलमधला टीव्ही म्हणजे नळ. टाकी लांब, नळाला धार नाही, तर काय करतात? मध्ये बूस्टर पंप बसवतात. आणि गंमत बघा, दुकानात गेल्यावर खरंच 'बूस्टर' नावाचीच वस्तू मिळाली! काका हरखून गेले. वायफाय पकडून पुढे ढकलणारी, भिंतीच्या प्लगात खोचायची ती डबी. त्यांनी पॅसेजमध्ये एक खोचली. चक्र थोडं उशिरा आलं. म्हणजे औषध लागू पडतंय! त्यांनी आणखी दोन आणल्या, एक स्वयंपाकघरात, एक हॉलच्या दाराशी. पहिली दुसरीला देणार, दुसरी तिसरीला, तिसरी टीव्हीला.

आज दुपारी तीनही डब्यांचे हिरवे दिवे लागले. काकांनी नमुन्यादाखल कुठलासा स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला. बाईने कांदा हातात घेतला. सुरी उचलली. चक्र.

काकू, त्यांचा भाऊ आणि काका, तिघंही त्या कांद्याकडे बघत बसले.

हा भाऊ टॅक्सी चालवायचा. घरात त्याला 'मीटर' म्हणत, कारण गाडी थांबली तरी हा चालूच. तो भाचीला स्टेशनवरून आणायला जायच्या आधी मदतीला म्हणून आला होता आणि सोफ्यावर पसरून मदत करत होता.

"दाजी, आधी निदान ती सुरी तरी कांद्याला लागत होती," मीटर म्हणाला. "तीन बूस्टर लावून बाई पुतळा झाली."

"तू गप रे."

"मी गपच आहे. बाईपण गपच आहे."

तेवढ्यात फोन वाजला. कामाचे फोन काकू घ्यायच्या. "हॅलो... नाही हो, आज नाही जमणार... फ्लश वाहतोय? वाहू द्या. इथे त्यांच्याच घरात आज धार लागेना." फोन ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, त्या माणसाला बोलावू का परत? चहा पाजलाय, ओळख आहे."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण मान हलली नाही. चहा पाजून परत पाठवलेल्या माणसाला बोलवायचं, ते ठीक, तेही केलं असतं. पण तो येणार कधी, करणार कधी? पोर सोफ्यावर बसणार, तिचं काम सुरू होणार, आणि ऐन मोक्याला हे चक्र. तिने महिनोन्महिने कानाला ते मोठे हेडफोन लावून केलेलं काम बापाच्या घरात कांद्यासारखं अडकणार. काका उठले. स्क्रूड्रायव्हरऐवजी हातात मोबाइल घेतला, तीनही बूस्टर उपटले आणि राउटरपासून पावलं टाकत निघाले.

"अहो, हरवलं काय?"

"गळती शोधतोय."

आतल्या खोलीत मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. बाथरूमच्या दाराशी भरलेल्या. बाथरूमच्या आत, टाइल्सच्या भिंतीजवळ, भरलेल्या. मग वळसा घालून हॉलमध्ये, त्याच भिंतीच्या पलीकडे, जिथे टीव्ही टांगला होता तिथे, एकच बारकी रेघ, तीही लाजत. काकांनी भिंतीवर टकटक केलं. कान लावला. डोळे मिटले. काकू आणि मीटर नकळत श्वास रोखून उभे राहिले.

"प्रेशर कमी नाहीये," काका डोळे उघडून म्हणाले. "मध्ये धरण आहे. आणि ते मी बांधलंय."

खरंच त्यांनीच बांधलं होतं. घर घेतलं तेव्हा हौसेने त्या भिंतीत पाइपांची जाळी घातली होती, गरम, थंड, वापरायचं, प्यायचं सगळं वेगळं. वर माळ्यावर पाण्याने भरलेली टाकी, भिंतीत लोखंडी पाइप, त्यावर टाइल्स. वायफायने यायचं तरी कुठून?

"आणि बूस्टर?" मीटरने विचारलं.

"अरे, एका टाकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक टाकीने आधी भरून घ्यायचं, मग पुढे सोडायचं. नळापर्यंत थेंब." काकांचा आवाज चढत चालला होता, पण रागाने नाही. डोळे भिंतीवर फिरत होते, डावीकडून उजवीकडे, जणू आरपार दिसतंय. "राउटरला मागे भोकं आहेत ना? आणि टीव्हीच्या डबीलाही एक आहे. मग थेट पाइप का नाही टाकत मी? वायर! सरळ वायर!"

"भिंत फोडणार?" काकू किंचाळल्याच. "पोरगी यायच्या दिवशी?"

"फोडायची कशाला? अगं, तुझं बेसिन!"

काकूंना कळेना. हॉलच्या कोपऱ्यात पूर्वी एक बेसिन होतं. हॉलमध्ये कुणी दात घासतं का, म्हणून काकूंनी ते काढायला लावलं होतं. बेसिन गेलं, पण त्याला बाथरूमच्या गीझरकडून येणारी गरम पाण्याची लाइन भिंतीतच राहिली, दोन्ही टोकांना बूच मारून. एक टोक बाथरूमच्या नळाशेजारी. दुसरं टोक बरोबर टीव्हीच्या खाली.

"पाऊण इंची, मधे दोनच वळणं, दोन एल्बो!" काका एव्हाना बाथरूममध्ये पोचले होते. "इतकी वर्षं कोरडी पडलीय! पाना आण, माझा पाना!"

मीटरला वायर आणायला पिटाळलं. तो पहिल्यांदाच काही न बोलता धावला. तोवर काकांनी दोन्ही बुचं सोडवली. मग चोकअप काढायचा हातपंप काढला, एका नायलॉनच्या दोऱ्याला स्पंजचा तुकडा बांधला, तो स्पंज पाइपाच्या बाथरूमकडच्या तोंडातून आत सरकवला आणि वर पंप लावला. मीटर वायर घेऊन परत आला तेव्हा त्याला हॉलमधल्या तोंडाशी बसवण्यात आलं.

"काही दिसतंय का?"

"अंधार दिसतोय, दाजी."

"तोंड जवळ ने, नीट बघ!"

काकांनी पंप दाबला. दाबला. तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून दाबला. भिंतीत काहीतरी गुरगुरलं, घसा खाकरल्यासारखं, आणि हॉलमधून आरोळी आली.

"कोरडी होती ना? कोरडी होती ना, दाजी?"

काकू पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. मीटरच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत गंजाच्या पाण्याची नक्षी उमटली होती. पण त्याच्या हातात स्पंज होता आणि स्पंजाला दोरा.

"आला?" काका ओरडले.

"आला! सगळंच आलं!"

काकांनी पंप मारून मारून लाइन आतून कोरडी केली. मग वायर दोऱ्याला बांधली. वायरच्या टोकाचा प्लॅस्टिकचा खटका एल्बोत अडकून मोडेल म्हणून त्यावर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळली, अशा मायेने, जशी बोट कापलेल्या पोराला पट्टी बांधावी. वरून भांड्याच्या साबणाचा हात फिरवला. "ओढ. हळू. नळ नाही उपटायचाय."

मीटरने ओढलं, काकांनी सोडलं. पहिला एल्बो गेला. दुसऱ्याला वायर रुसली. मीटरचा फोन वाजू लागला. काकूंनी घेतला. "अगं हो... उतरलीस?... मामा ना, मामा निघालाच आहे... नाही, तो जरा... पाइपात आहे." फोन दाबून त्या म्हणाल्या, "अहो, ती रिक्षा करून येतेय म्हणाली!"

काका भिंतीजवळ वाकले. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला. "ओढ. थांब. वळणावर तिरकी बसलीय. सोड थोडी. आता पीळ देऊन ओढ. दे पीळ!"

सर्रर्र करून वायर आली आणि मीटर वायरसकट मागे कलंडला.

पट्टी सोडली, टोक पुसून काळ्या डबीत खोचलं, दुसरं राउटरमध्ये. टिक. काकांनी रिमोट उचलला. पडद्यावर बाई, कांदा, सुरी. सुरी खाली आली. कांदा कापला गेला. मग दुसरा, मग तिसरा. बाई मिरच्यांवर आली, तरी चक्राचा पत्ता नाही!

"काप! काप, बाई, काप!" मीटर सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. काकू टाळ्या वाजवत होत्या. काकांनी पाना डोक्यावर धरून हॉलभर एक चक्कर मारली. आणि दारात, पाठीवर सॅक घेऊन, लेक उभी होती.

"आई, मामाला काय झालंय? आणि तुम्ही सगळे भाजी कापण्यावर नाचताय?"

हात धुवायचाही धीर कुणाला नव्हता. दिवे बंद झाले. मीटरने काकांचा शर्ट घातला, तो त्याला पोटावर बसेना. सिनेमा सुरू झाला. लेक पडद्याकडे बघतच नव्हती, ती बापाकडे बघत होती. काकांच्या ते गावीही नव्हतं. त्यांची मान आवाजाबरोबर फिरत होती. उजवीकडून कुणी जिना चढलं. मागून वारा आला. चित्र पाण्यासारखं वाहत होतं.

मग पडद्यावर एक म्हातारा एकटाच खोलीत बसलेला. शांतता. आणि मागून, डावीकडून, टप्.

काकांचे कान टवकारले.

टप्... टप्.

काका उठले, पाना घेतला आणि अंधारातून स्वयंपाकघरात गेले. नळाखाली हात धरला. कोरडा ठणठणीत. कॉक घट्ट करून परत आले, बसले.

टप्.

"वॉशर बदललाय मी त्याचा!" काका ताडकन उठले. "मागच्या वेळी ही आली होती तेव्हा गळत होता. हीच म्हणाली, बाबा, दोन दिवस हात लावू नका. प्लंबरच्या घरात नळ गळतोय, पाहुणे काय म्हणतील, तरी नाही लावला हात. पण ही गेल्या गेल्या बदलला! हा तोच नळ आहे, त्याचा दुसरा थेंब नेहमी जरा..."

ते थांबले.

टप्... टप्. दुसरा थेंब जरा उशिरा, जड.

काका हळूहळू वळले. मागच्या डाव्या स्पीकरपाशी गेले आणि सवयीने त्याला कान लावला. मग लेकीकडे बघितलं. ती तोंडावर उशी दाबून हसत होती, इतकी की खांदे हलत होते.

"दोन दिवस हात लावू नका," काका म्हणाले. "म्हणजे तू..."

"रात्रभर सिंकमध्ये माइक ठेवून बसले होते, बाबा. वॉशर गेलेला असा नळ दुसरीकडे कुठे मिळाला असता?" तिने उशी खाली केली. "आवाज काय, कुणीही ऐकतो ना?"

काकांनी पाना सोफ्यावर ठेवला, तिच्या शेजारी बसले आणि रिमोटवर काहीतरी शोधू लागले.

"अहो, काय करताय? पुढे चालू द्या ना," काकू म्हणाल्या.

"थांब. जरा मागे घेऊ दे. मी आत गेलो होतो तेव्हाचे थेंब राहिलेत."