अक्काबाईंनी पाहिलेले पाय

विंझरच्या अक्काबाई भातलावणीला उभ्या राहिल्या की बाकीच्या बायका मागे पडायच्या. साठी उलटली तरी चिखलात अनवाणी पाय रोवून त्या अशा सरकत जायच्या की बघत राहावं.

एका सकाळी त्या सरपण घेऊन घरात आल्या, आणि सून शुभांगीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. अक्काबाईंच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. त्यांना पत्ताच नव्हता. पायांना बरेच दिवस मुंग्या येत होत्या, पण कामाचा शीण म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. काटा काढून हळद भरली, तरी जखम चिघळली. शेवटी शुभांगीने त्यांना वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, तेव्हा साखर निघाली.

जखम भरेपर्यंत ड्रेसिंग करता करता नूतन सिस्टरने त्यांना सगळं समजावलं. साखरेने पाय बधिर होतात, म्हणून ते रोज बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. घरातही चप्पल घालायची. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. भात थोडा, बाकी पालेभाजी, डाळ आणि नाचणीची भाकरी.

भाताचं ऐकून अक्काबाईंचा चेहरा पडला. "आमी लावायचा आन् लोकांनी खायाचा व्हय?" त्या म्हणाल्या.

पण त्यांनी पाळलं. शुभांगी सांगते, पहिले काही दिवस जेवण झाल्यावरही त्या पातेल्याकडे बघत बसायच्या. मग उठून बुद्धविहारापर्यंत चालून यायच्या.

लावणी आली. डॉक्टरांनी चिखलात उतरायला मनाई केली होती. जन्मात पहिल्यांदा अक्काबाई बांधावर बसून रोपांच्या जुड्या पुढे करत होत्या. 

दुपारी बायका ओढ्यावर पाय धुऊन जेवायला आल्या. शेजारच्या शेतातल्या साळूबाईंच्या टाचेला खोल भेग पडून ती सुजली होती, आणि तरी त्या जराही लंगडत नव्हत्या. अक्काबाईंना तेच खटकलं. त्यांनी साळूबाईंना खाली बसवलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

साळूबाई आक्रसल्या. "अक्का, तुमी थोरल्या. माजा पाय नका धरू."

"धरत न्हाई, बगती. हितं दाबलं, कळतंय का?"

साळूबाईंना काहीच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने वेल्ह्याला गेल्या. साळूबाईंची साखर अक्काबाईंपेक्षाही जास्त भरली. जखम आत पसरू लागली होती. वेळेत आल्या म्हणून पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना साळूबाई खिडकीशी बसून रडत होत्या. अक्काबाईंनी त्यांना रडू दिलं, आणि मग भात कसा कमी करायचा ते सांगायला घेतलं.

आता लावणीच्या दिवसांत विंझरच्या बायका पाय धुतले की एकमेकींचे तळवे बघतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही. अक्काबाईंच्या पायांची जाणीव परत आलेली नाही, कधी कधी साखरही वर जाते. ते त्या लपवत नाहीत. यंदा जवळच्या मार्गासनी गावच्या बायकांनी आपले पाय दाखवायला त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. पायांत मोजे आणि बूट घालून त्या गेल्या, आणि चहा बिनसाखरेचा मागितला.